हरणाचा मालक कोण?

काळवीट म्हटलं की तुम्हाला पहिल्यांदा काय आठवतं? बहुतेकांना सलमान खान. १९९८ च्या शिकार प्रकरणात २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली, पुढे जामीन, अपील वगैरे. आता हेच काळवीट अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये नेऊन ठेवा. तिथे पैसे मोजले आणि लायसन्स काढलं, की खासगी रँचवर वर्षाच्या कुठल्याही दिवशी त्याची कायदेशीर शिकार करता येते. आणि गंमत म्हणजे तिथे काळवीट भरपूर आहेत. १९३२ मध्ये ते तिथे पहिल्यांदा सोडले गेले आणि आज कळपच्या कळप आहेत. पाकिस्तानातून काळवीट संपले, तेव्हा १९७० च्या दशकात लाल सुहानराच्या उद्यानासाठी ते टेक्सासहूनच आणावे लागले.

हे वाचून डोकं थोडं चक्रावतं. मारायला परवानगी आहे, तरी प्राणी वाढतोय?

रँच म्हणजे गुरं पाळण्याची प्रचंड मोठी खासगी जमीन. टेक्सासमधली सुमारे ९५ टक्के जमीन खासगी मालकीची आहे, त्यामुळे वन्यजीव वाचवायचा तर तो मालकाच्या कुंपणातच वाचणार. बाहेरून आणलेल्या हरणांवर मालकाचा हक्क असतो. शिकारीतून पैसा येतो, म्हणून मालक हरणं सांभाळतो. हिशेब साधा आहे. पण तो किती टिकाऊ आहे?

इथे सिमिटार ओरिक्सची गोष्ट बघा. तलवारीसारखी मागे वळलेली लांब शिंगं असलेलं, पांढरट अंगाचं हे सहारा भागातलं हरीण. (शास्त्रीयदृष्ट्या काळवीट काय नि ओरिक्स काय, दोन्ही 'अँटिलोप', पण मराठीत आपण सगळ्यांना हरीणच म्हणतो.) २००० मध्ये आययूसीएनने ते निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर केलं. त्याच वेळी टेक्सासच्या रँचवर मात्र ते हजारोंनी चरत होतं. २०१० मध्ये तिथल्या रँचमालकांच्या संघटनेने सुमारे ११ हजारांचा आकडा सांगितला होता. अमेरिकेने २००५ मध्ये ओरिक्सला 'संकटग्रस्त' यादीत टाकलं, पण रँचना सूट दिली. प्राणिहक्क संघटना कोर्टात गेल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये सूट गेली. आता प्रत्येक शिकारीला सरकारी परवाना लागणार! लगेच ओरिक्सचे भाव पडले, अनेक मालकांनी कळप कमी केले. २०१४ मध्ये अमेरिकन संसदेने सूट परत द्यायला लावली.

रँचवाले म्हणतात, बघा, बाजार काढून घेतलात की प्राणी संपतो. मला यातून उलटंच दिसतं. एका नियमाने ज्या प्राण्याचं भवितव्य हलतं, त्याला 'वाचवलं' कसं म्हणायचं? तो फक्त साठवून ठेवलेला असतो.

वाचवणं कसं असतं, हेही टेक्सासमध्येच बघायला मिळतं. जे. डेव्हिड बॅमबर्गर हे आधी दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकायचे, मग फ्राइड चिकनच्या धंद्यात मोठे झाले. १९६९ मध्ये त्यांनी मुद्दाम एकदम खराब जमीन शोधून घेतली. रँचचं नाव सेला, आज क्षेत्र ५,५०० एकर. सगळीकडे सीडरची झुडपं माजलेली. पाण्यासाठी ५०० फुटांच्या सात बोअर मारल्या, सातही कोरड्या. त्यांनी सीडर काढला, देशी गवत लावलं. काही वर्षांत पाऊस जमिनीत मुरायला लागला आणि झरे वाहू लागले. हिवरे बाजार ऐकून मोठ्या झालेल्या आपल्याला हे नवीन वाटणार नाही.

याच रँचवर त्यांनी ६४० एकर ओरिक्ससाठी राखून ठेवले. शिकारीसाठी नाही. प्राणिसंग्रहालयांच्या प्रजनन कार्यक्रमात सामील होऊन, कोणत्या ओरिक्सचे आई-बाप कोण याची नोंद ठेवून. कंटाळवाणं काम आहे, पण खरी किल्ली तीच. २०१६ पासून चाड देशात ओरिक्स पुन्हा मोकळे सोडले गेले, ते मुख्यतः अबुधाबीने जगभरातून वेगवेगळ्या वंशाचे प्राणी जमवून उभ्या केलेल्या कळपातून. तिथे त्यांना पिल्लं झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये 'निसर्गातून नामशेष' हा शिक्का निघाला. नुसती संख्या असून भागत नाही, वंशाची वही लागते.

आणि सेलावर शाळेची मुलं येतात. त्यांना दाखवायच्या प्रयोगात एका ट्रेमध्ये गवत असलेली माती, दुसऱ्यात उघडी माती. दोन्हींवर सारखाच 'पाऊस' पाडायचा. एकातून स्वच्छ पाणी झिरपतं, दुसऱ्यातून गढूळ लोंढा निघतो. भाषणाची गरजच उरत नाही.

आता आपल्याकडे या. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. काळवीट काही तेवढ्यात राहणार नाही, तो शेजारच्या ज्वारीत उतरणारच. आपल्या कायद्याने तो सरकारचा, नुकसान मात्र शेतकऱ्याचं. भरपाई आहे, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा आणि वाट बघणं. टेक्सासच्या मालकाला हरणातून पैसे मिळतात, आपल्या शेतकऱ्याला कागद. म्हणून शिकार खुली करा, असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण ज्याच्या रानात प्राणी चरतो त्याला काहीच द्यायचं नाही आणि वर संवर्धनाची अपेक्षा ठेवायची, हेही चालणार नाही.

वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'सामुदायिक राखीव क्षेत्र' ही सोय आली. खासगी किंवा गावाच्या जमिनीवर लोक स्वतःहून संवर्धन करत असतील, तर सरकार ती जमीन तसं जाहीर करू शकतं आणि व्यवस्थापनाच्या समितीत गावचीच माणसं बसतात. ही सोय आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे आपण सगळे कॉलेजात ईव्हीएस शिकतो. म्हणजे, सीनियरचं प्रोजेक्ट मिळवतो, नाव बदलतो, सबमिट करतो. तुमचं वेगळं असेल तर उत्तमच! यूजीसीने त्या विषयासाठी आखलेला अभ्यासक्रम एकदा उघडून बघा. त्याच्या शेवटच्या युनिटमध्ये 'फील्ड वर्क' आहे. जवळपासची नदी, जंगल, डोंगर किंवा गवताळ प्रदेश बघून त्याची नोंद करायची, असं त्याच्या आधीच्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं होतं. पुणे, सोलापूर, नगरच्या मुलांना गवताळ रान एसटीच्या अंतरावर आहे.