तुमच्या गाठीवर कोणतं औषध चालेल, हे लॅबमधली गाठ आधीच सांगेल?

मुलुंड असो, घाटकोपर, अंधेरी की बोरिवली, अनेकांच्या ओळखीत परळच्या टाटा हॉस्पिटलच्या फेऱ्या मारणारं कुणीतरी असतं. किमोच्या काही सायकल होतात, पुन्हा स्कॅन होतो आणि कधी कधी डॉक्टर सांगतात, "औषधाचा हवा तसा परिणाम नाही, बदलावं लागेल." तोवर काही महिने गेलेले असतात, पैसा गेलेला असतो आणि शरीरही थकलेलं असतं.

हे आधीच कळलं तर? थ्रीडी ट्यूमर मॉडेलकडे जगाचं लक्ष आहे ते यासाठीच. समजून घेऊया.

आतापर्यंत औषधं कशी तपासली जायची?

प्लास्टिकच्या सपाट डिशमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या आणि त्यावर औषध टाकायचं. या तंत्राचं मुंबईशी जुनं नातं आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून घेतलं. पुढे मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला.

मग अडचण काय?

डिशमध्ये पेशींचा एकच थर असतो, त्यामुळे औषध सगळ्यांना सारखं मिळतं. खऱ्या गाठीत तसं होत नाही. रक्तवाहिनीतला ऑक्सिजन साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंतच पोहोचतो. त्यापलीकडच्या पेशी उपाशी आणि सुस्त असतात. किमोची बरीच औषधं मारतात ती वेगाने वाढणाऱ्या पेशींना, त्यामुळे या सुस्त पेशी वाचू शकतात. डिशमध्ये उत्तम चाललेलं औषध माणसात फसतं, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

थ्रीडी मॉडेल म्हणजे काय?

पेशींचा छोटा गोळा तयार केला की तो स्फेरॉइड. रुग्णाच्याच गाठीचा तुकडा घेऊन जेलमध्ये वाढवला आणि त्याने मूळ गाठीसारखी रचना धरली, की तो ऑर्गनॉइड. आकार जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान.

आत काय चाललंय, ते दिसतं कसं?

खरी कसोटी इथे आहे. गोळ्यात प्रकाश विखुरतो, त्यामुळे साध्या मायक्रोस्कोपला मधला भाग धूसर दिसतो. कॉन्फोकल मायक्रोस्कोप एकेका पातळीचं चित्र घेतो आणि कॉम्प्युटर ती चित्रं एकावर एक रचतो. लाइट-शीट तंत्रात बाजूने प्रकाशाचा पातळ पडदा टाकतात. त्यामुळे चित्र पटकन मिळतं आणि जिवंत पेशींना इजाही कमी होते. औषध गाभ्यापर्यंत पोहोचलं की कडेलाच अडकलं, हे असं कळतं.

आत्ताच चर्चा का?

कारण नियम बदलले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची कायदेशीर सक्ती काढली. मार्च २०२३ मध्ये भारतानेही औषध चाचणीच्या नियमांत दुरुस्ती करून ऑर्गनॉइड, ऑर्गन-ऑन-चिप यांसारख्या पद्धतींना जागा दिली.

पवईशीही याचा संबंध आहे. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या 'नेक्सकार१९' या देशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पण तो रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे. घट्ट गाठीत शिरणं या लढाऊ पेशींना अवघड जातं. त्या किती आत जातात, हे सपाट डिश दाखवूच शकत नाही. त्यासाठी थ्रीडी मॉडेल लागतं.

पुरावा किती पक्का?

२०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ब्रिटनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यात शरीरात पसरलेल्या, पचनमार्गाच्या कॅन्सरच्या रुग्णांचे ऑर्गनॉइड वाढवले होते. ऑर्गनॉइडवर जे औषध निष्प्रभ ठरलं, ते रुग्णावरही निष्प्रभ ठरलं. ऑर्गनॉइडने 'चालेल' म्हटलेलं ८८ टक्के वेळा खरं निघालं. मात्र रुग्णसंख्या लहान होती.

मर्यादाही आहेत. ऑर्गनॉइड वाढायला अनेकदा काही आठवडे लागतात आणि काही नमुने वाढतच नाहीत. त्यात सहसा रक्तवाहिन्या आणि प्रतिकारशक्ती नसते. यकृत किंवा हृदयावरचे दुष्परिणामही त्यातून कळत नाहीत.

मग रुग्णाने काय करायचं?

"तुमच्या गाठीवर औषध तपासून देतो" अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी आपल्या ऑन्कोलॉजिस्टला तीन प्रश्न विचारा. माझ्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये ही टेस्ट रुग्णांवर पडताळली आहे का? रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबवावे लागतील का? रिपोर्ट काहीही आला, तरी माझं औषध खरंच बदलणार आहे का?

तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर ते पैसे उपचारासाठी राखून ठेवलेले बरे. आणि अशी टेस्ट एखाद्या क्लिनिकल ट्रायलचा भाग असेल, तर त्याची माहिती जरूर घ्या. लॅबमधल्या गाठीचं म्हणणं किती खरं, हे अशा ट्रायलमधूनच ठरणार आहे.