भिंतीवरचा फेस

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले तालुका आहे. तेथेच कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर आहे. भंडारदरा, रतनवाडी या डोंगरपायथ्याच्या गावांत पावसाळाभर धुके आणि ओल असते. अशी हवा झाडबेडकांना फार मानवते.

मुलांनो, आमच्या शाळेत बागेच्या हौदावर एकदा मुठीएवढा पांढरा फेस दिसला. "सर, कोणीतरी साबण सांडला!" असे एक मुलगा ओरडला. शिपाईमामा झाडू आणि फिनेल घेऊन आले. मी म्हणालो, "मामा, जरा थांबा."

तो फेस म्हणजे झाडबेडकाचे घरटे होते. मादी अंगातून चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळते. आई ताक घुसळते तसेच! त्या फेसात ती अंडी घालते. फेस वरून वाळतो, पण आत ओलसर राहतो. काही दिवसांनी पिल्ले बाहेर येऊन टपटप खालच्या पाण्यात पडतात. त्यांना शेपटी असते. पाय नंतर फुटतात. मोठ्या बेडकाच्या बोटांच्या टोकाला गोल चकत्या असतात, म्हणून तो गुळगुळीत भिंतीवरही चढतो.

बेडकाला हात लावला की चामखीळ येते, असे लोक म्हणतात. हे खोटे आहे. चामखीळ विषाणूमुळे येते. उलट, बेडूक रात्रभर किडे खातो. एके काळी आपल्या देशातून मोठ्या बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. झाडबेडकाला तंगड्यांसाठी कोणी मारत नाही. त्याला आपला झाडू आणि फिनेल पुरे!

पण मामा म्हणाले, "सर, साचलेल्या पाण्यात डास होतात. आठवड्याला हौद रिकामा करायलाच हवा." हे त्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागले. डेंग्यू काही थट्टेची गोष्ट नाही. पिण्याच्या टाकीला तर झाकण हवेच. तरीही फेस धुऊन टाकावा, हे मला पटत नाही. पिल्ले पाण्यात पडली की हौद उपसण्यापूर्वी ती बादलीने काढावीत आणि जवळच्या ओढ्याच्या डबक्यात सोडावीत. दोन बादल्यांचे काम आहे. आम्ही तसेच केले. दुसरी बादली मामांनी स्वतः उचलली.