खाण्याच्या विकारांसाठी प्रशिक्षित समुपदेशन व उपचार लातूर येथे उपलब्ध करून देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, लातूर

विषय : वर नमूद केल्याप्रमाणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पालक लातूर, धाराशिव, नांदेड आणि बीड जिल्ह्यांतले आहोत. आमची मुले नीट आणि जेईईच्या तयारीसाठी लातुरात वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांच्यापैकी कोणी जेवण जवळजवळ सोडले, तर कोणी रात्री भरमसाट खाऊन घशात बोटे घालून ओकू लागले. हा आजार आहे हे कळायलाच कित्येक महिने गेले. कळल्यावर त्यावर काम करणारा जाणकार माणूस शोधण्यात आणखी महिने गेले. हा दुसरा शोध शासनाला थांबवता येईल, म्हणून हे निवेदन.

आपल्याकडे न जेवायला सबबींची वाण नाही : चतुर्थी, नवरात्र, पित्त, मेसच्या भाजीतले तेल. वसतिगृहात डबा दाराशी येतो आणि दाराशीच परत ठेवला जातो. आत काय खाल्ले गेले ते कोणी पाहत नाही. भारतातली अनेक मुले ‘मला जाड व्हायचे नाही’ असे म्हणतही नाहीत. पोट जड वाटते, घास खाली उतरत नाही, एवढेच सांगतात. मग आधी पोटाचे डॉक्टर, दुर्बिणीची तपासणी, भुकेचे टॉनिक. मुलीची पाळी थांबली की स्त्रीरोगतज्ज्ञांच्या गोळ्या. ओकून टाकणाऱ्या मुलाचे वजन तर पुष्कळदा ठीकच असते, त्यामुळे काट्यावरही काही दिसत नाही. मुलग्यांच्या बाबतीत संशयसुद्धा उशिरा येतो.

तोवर शरीर थांबत नाही. वारंवार ओकल्याने रक्तातले पोटॅशियम घसरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. दीर्घ उपासमारीने नाडी मंदावते. फार खंगलेल्या मुलाला घाईने भरपूर खाऊ घातले, तर रक्तातले फॉस्फेट एकदम उतरून जिवाला धोका होतो. ही गोष्ट आई-वडिलांना कोणीतरी आधी सांगायला हवी. ॲनोरेक्सिया, म्हणजे जेवण जवळजवळ सोडण्याचा विकार, हा सर्वाधिक मृत्युदर असलेल्या मानसिक आजारांपैकी एक आहे. अशा मुलाला ‘मन घट्ट कर, दोन घास जास्त खा’ एवढाच सल्ला मिळणे, किंवा हातात कॅलरीचा तक्ता मिळणे, आम्हाला मान्य नाही. हे दोन्ही आमच्यातल्या काहींच्या वाट्याला आले आहे.

उपचार आहेत. किशोरवयीन मुलांसाठी कुटुंबाधारित उपचारपद्धती परिणामकारक ठरली आहे. तिच्यात जेवणाची जबाबदारी काही काळ आई-वडिलांकडे येते आणि प्रशिक्षित तज्ज्ञ त्यांना वाट दाखवतो. इथेच आमची अडचण आहे. मूल लातूरला, आई भूम नाहीतर कंधारला, आणि ही पद्धत जाणणारा तज्ज्ञ पुण्या-मुंबईला. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. यांतले एकही आमच्या जवळ नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला मनोरुग्णालयात नेण्याची गरजही बहुधा नसते. तिला दर आठवड्याला भेटणारा माणूस लागतो.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ ने परवडणाऱ्या, दर्जेदार आणि जवळपास मिळणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला आहे. मुलांसाठीच्या सेवाही त्यात येतात. या हक्काच्या आधारे आमची मुख्य मागणी अशी : लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत खाण्याच्या विकारांसाठी आठवड्यातून एक दिवस स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू व्हावा. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, आहारतज्ज्ञ आणि फिजिशियन यांनी तिथे एकत्र बसावे. ही संस्था वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने दोन्ही विभागांनी मिळून आदेश काढावा. फाईल एका विभागातून दुसऱ्यात फिरत राहू नये. पथकाचे प्रशिक्षण बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत व्हावे. गावी असलेल्या पालकांना दूरदृश्य माध्यमातून, मराठीत, सत्रात सहभागी करून घ्यावे.

प्रतीक्षेला मुदत असावी. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने मुलांच्या खाण्याच्या विकारांसाठी तातडीच्या रुग्णाला एका आठवड्यात आणि इतरांना चार आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे मानक ठरवले आहे. तिथेही ते दर वेळी पाळले जात नाही, पण मानक असल्याने जाब विचारता येतो.

समुपदेशक म्हणून पाटी लावणाऱ्याची अर्हता सामान्य पालकाला ओळखता येत नाही. म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या आणि या विकारांवर काम करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची जिल्हावार मराठी यादी, शुल्कासह, प्रसिद्ध करावी. हीच यादी टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावरील समुपदेशकांकडे असावी आणि त्यांना या विकारांचे वेगळे प्रशिक्षण मिळावे.

१०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले आहेत. खासगी शिकवण्याही त्यांच्या कक्षेत येतात. लातुरातल्या शिकवण्या आणि वसतिगृहांत त्यांचे पालन होते की नाही, याची जिल्हाधिकाऱ्यांनी तपासणी करावी. त्या समुपदेशकांना आणि वसतिगृहांच्या अधीक्षकांना खाण्याच्या विकारांची लक्षणे शिकवावीत. मुलांची वजने सर्वांसमोर घेणे व त्यावर शेरे मारणे बंद करावे.

खर्चाबाबत : मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्याच कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचे आहे. तरीही आठवड्याच्या समुपदेशनाचा खर्च बहुतेक कुटुंबांना खिशातूनच करावा लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या विकारांच्या बाह्यरुग्ण उपचारांचा समावेश करावा.

नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि हजारो मुले पुन्हा लातुरात उतरतात. त्याआधी बाह्यरुग्ण विभागाचा आदेश निघावा, आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ मिळावी आणि या निवेदनावर केलेली कार्यवाही आम्हाला लेखी कळवावी, ही विनंती.

आपले नम्र,
खाण्याच्या विकारांनी त्रस्त विद्यार्थ्यांचे पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे, मुलांची नावे व उपचारांची कागदपत्रे गोपनीयतेसाठी जोडलेली नाहीत.)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
१. मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र शासन
२. जिल्हा शल्यचिकित्सक, लातूर
३. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, लातूर