मार्चमधला गार शनिवार-रविवार वसमतला महाग का पडतो?

मार्चमध्ये मराठवाड्यात ढग दाटले आणि पारा चार-पाच अंशांनी उतरला, की मोबाईलवर दोन तऱ्हेच्या पोस्ट एकाच वेळी फिरायला लागतात. एकीत भजी, चहा आणि 'आज काय भारी वातावरण आहे!' असं कॅप्शन असतं. दुसरीत माणसं शेतात ताडपत्र्या ओढत धावताना दिसतात. आकाश तेच आणि तारीखही तीच.

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतमध्ये या दुसऱ्या पोस्टचं कारण बहुतेक वेळा हळद असतं. 'वसमत हळदी'ला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. बाळासाहेब ठाकरे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही वसमतलाच आहे. या पिकाचा सगळ्यात नाजूक पंधरवडा मात्र नेमका त्याच दिवसांत येतो, जेव्हा मराठवाड्याचं हवामान सगळ्यात लहरी असतं.

असं काही झालं की लगेच म्हटलं जातं, 'हवामान खात्याचा अंदाज पुन्हा चुकला.' खरी गोष्ट जरा वेगळी आहे. अंदाज बरोबर येऊनही नुकसान होतं. ते कसं, हे समजून घेऊया.

हळद मार्चमध्येच का सापडते?

हळद मे-जूनमध्ये लावतात. आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळतो आणि जानेवारीअखेरपासून काढणी सुरू होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती जोरात असते. पण सोयाबीन मळून जसं थेट बाजारात नेता येतं, तसं हळदीचं नसतं. काढलेली हळद आधी कुकरमध्ये वाफेवर शिजवावी लागते, मग उन्हात वाळवायची आणि शेवटी पॉलिश करायची. तेव्हा कुठे ती विकायला तयार होते.

यातला सगळ्यात लांब टप्पा वाळवणीचा. शिजवलेली हळद उघड्यावर पातळ थरात पसरून साधारण १२ ते १५ दिवस कडक उन्हात ठेवावी लागते. ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आला, की हळकुंड मोडताना कट्ट आवाज येतो. पाच क्विंटल ओल्या हळदीतून जेमतेम एक क्विंटल वाळलेली हळद हाती येते. म्हणजे नऊ महिन्यांचं पाणी, खत आणि मजुरी त्या पसरलेल्या ढिगात जमा झालेली असते.

अशात अर्धी वाळलेली हळद भिजली, तर वजनात फारसा फरक पडत नाही. घात होतो तो रंगाचा. हळकुंड काळपट पडतं, ओल राहिली तर बुरशी धरते आणि लिलावात तोच माल खालच्या प्रतीत जातो. पीक गेलं म्हणावं तर माल समोर दिसतो, आणि वाचलं म्हणावं तर भाव मिळत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर गारवा येतो कुठून?

मार्चमध्ये जमीन तापायला लागलेली असते, पण वरच्या थरातली हवा अजून थंड असते. पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ या काळातही उत्तर भारतावरून जात असतात आणि वरची हवा आणखी थंड करतात. त्याच वेळी खालच्या थरात बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे आले, तर मराठवाडा आणि विदर्भावर कोरडे व दमट वारे एकमेकांना भिडतात.

खाली गरम व दमट हवा आणि वर थंड हवा असली, की ढग झपाट्याने उंच चढतात. दुपारनंतर विजा कडाडतात, सोसाट्याचा वारा सुटतो आणि सरी कोसळतात. मार्चमध्ये गोठणबिंदूची पातळी मे महिन्याच्या मानाने खाली असते. त्यामुळे ढगात तयार झालेली गार जमिनीवर पोहोचेपर्यंत वितळून जात नाही.

दिवसा जाणवणारा गारवा काही थंडी परतल्याचा नसतो. ढगांनी ऊन अडवलेलं असतं आणि पावसाने हवा निवलेली असते. त्याच रात्री किमान तापमान उलट वाढलेलं दिसू शकतं, कारण ढग पांघरुणासारखं काम करतात. हळदीला मात्र हवं असतं नेमकं दिवसाचं ऊन.

आणि याला नाव काय द्यायचं? लोक एप्रिल-मेमधल्या अशा सरींना वळीव म्हणतात. हवामान विभागाच्या लेखी मार्च ते मे हा 'पूर्वमोसमी' हंगाम आहे. तहसील कार्यालयाच्या कागदावर तोच पाऊस 'अवेळी' किंवा 'अवकाळी' होतो. हवामानशास्त्राला जो पाऊस हंगामाचाच भाग वाटतो, तो शेतीच्या वेळापत्रकात अवेळीच येतो. निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

मार्च २०२३ मध्ये काय झालं होतं?

हे समजायला २०२३ चा मार्च चांगलं उदाहरण आहे. त्या वर्षीचा फेब्रुवारी देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या बाबतीत १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण ठरला होता. सगळीकडे उष्णतेच्या लाटेची चर्चा होती. मग मार्चच्या मध्यावर चित्र पालटलं. हवामान विभागाने विजा, वादळी वारा आणि गारपिटीचे इशारे दिले होते. १८-१९ मार्चच्या शनिवार-रविवारपर्यंत मराठवाडा आणि विदर्भातल्या अनेक जिल्ह्यांत पाऊस व गारपीट झाली. पाडवा चार दिवसांवर होता. तो मार्च संपला तेव्हा देशातला पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २६ टक्के जास्त भरला होता.

म्हणजे अंदाज होता आणि तो खराही ठरला. तरी दोन गोष्टी आडव्या आल्या.

पहिली म्हणजे संप. जुन्या पेन्शनच्या मागणीसाठी राज्य सरकारी कर्मचारी १४ मार्चपासून संपावर होते आणि संप मिटला २० मार्चला. नुकसानीचा पंचनामा करतात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. गारा पडल्या तेव्हा हीच मंडळी संपावर होती. उभा गहू आडवा झाला, तर तो चार दिवसांनीही आडवाच दिसतो. भिजलेली हळद तशी ठेवता येत नाही. दुसऱ्या दिवशी ती उलथून पुन्हा वाळवायला पसरावीच लागते. ती पसरली की नुकसानीचा पुरावाही विस्कटतो.

दुसरी गोष्ट अंदाजाच्या भाषेची.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे नेमकं किती?

'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता' हे वाक्य आपण इतक्यांदा वाचतो, की त्याचा अर्थच विसरतो. हवामान विभागाच्या भाषेत प्रत्येक शब्दाला माप आहे.

- तुरळक ठिकाणी: त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस
- काही ठिकाणी: २६ ते ५० टक्के
- अनेक ठिकाणी: ५१ ते ७५ टक्के
- बहुतांश ठिकाणी: ७६ टक्क्यांपासून पुढे

रंगांचंही तसंच आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. पिवळा रंग बघून 'काही होत नाही' म्हणणं चूक आणि 'आज गारा नक्की' म्हणणंही चूकच.

आता हे वसमतच्या शेतातून बघा. हिंगोली जिल्ह्यात पाच तालुके आहेत: हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव. इशारा जिल्ह्याला मिळतो आणि पाचही तालुक्यांचा रंग एकच असतो. वादळी ढग मात्र काही किलोमीटरचाच असतो. हट्ट्याला पाऊस पडून कुरुंदा कोरडं राहू शकतं. तुरळक पावसाचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, तरी चारातल्या तीन ठिकाणी लोक म्हणणार, 'कुठे पडला पाऊस?'

शिवाय प्रत्येक इशाऱ्याला हळद गोळा करून झाकणं फुकटात होत नाही. मजूर लागतात, ताडपत्री लागते आणि उन्हाचा एक दिवस बुडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायची मजुरी वेगळी. तीनदा झाकलं आणि पाऊस आला नाही, की चौथ्यांदा माणूस म्हणतो, 'राहू दे.' त्याला निष्काळजी म्हणता येणार नाही, कारण जिल्ह्यासाठी दिलेल्या अंदाजावर त्याला एका शेताचा निर्णय घ्यावा लागतो.

नुकसान झालं, तर पैसे मिळतात का?

खरी अडचण इथे आहे. शेतकऱ्याला आधार देणाऱ्या दोन मुख्य व्यवस्थांपैकी एकीतही वाळवणीला पसरलेली हळद नीट बसत नाही.

पीक विमा: राज्यात पीक विमा योजनेत खरिपाची १४ आणि रब्बी-उन्हाळी हंगामाची ६ पिकं होती. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा आणि गहू त्यात आहेत. हळद नाही. ज्या पिकांना विमा होता, त्यांना काढणीनंतर शेतात सुकायला ठेवलेल्या मालासाठी १४ दिवसांपर्यंत संरक्षण मिळायचं आणि ७२ तासांत कळवावं लागायचं. खरीप २०२५ पासून राज्याने एक रुपयातली योजना बंद केली आणि काढणीपश्चात नुकसानीची ही तरतूदही वगळली. तेव्हापासून भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठरते.

आपत्ती मदत: गारपीट केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहे आणि अवेळी पाऊस राज्याने स्वतःच्या यादीत घेतला आहे. पण मदत मिळते ती ३३ टक्के किंवा त्याहून जास्त पीक नुकसान झालं तर, आणि तीही हेक्टरी हिशोबाने. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत बागायती पिकाला हेक्टरी १७,००० रुपये आणि मर्यादा दोन हेक्टर होती. शेतात उभं पीक असेल तर हा हिशोब लागतो. पसरलेल्या ढिगाचे हेक्टर कसे मोजणार? आणि रंग उतरून भाव पडला, तर ते किती टक्के नुकसान धरायचं?

हळदीला हमीभावही नाही. राष्ट्रीय हळद मंडळाचं उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये झालं आणि त्याचं मुख्यालय तेलंगणातल्या निजामाबादला आहे. निर्यात, संशोधन आणि नवी बाजारपेठ हे मंडळाचे मुख्य विषय आहेत. पण मार्चमधल्या पंधरा दिवसांची जोखीम आज तरी एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर आहे. त्याचा विमा म्हणजे त्याची ताडपत्री.

ढग आले, तर काय बघायचं?

१. शुक्रवारचा कृषी सल्ला वाचा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातली ग्रामीण कृषी मौसम सेवा दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठवाड्यासाठी सल्ला देते. शनिवार-रविवारचं नियोजन शुक्रवारच्या सल्ल्यावर करता येतं. हळद शिजवायची राहिली असेल, तर सगळ्यात मोठा निर्णय हाच: आता शिजवायची की दोन दिवस थांबायचं? जमिनीतली हळद एखाद्या सरीने बिघडत नाही, शिजवलेली बिघडते. अर्थात कुकर भाड्याचा असेल आणि मजूर ठरलेले असतील, तर हेही सोपं नसतं.

२. दुपारनंतर तीन तासांचा अंदाज बघा. हवामान विभाग पुढच्या तीन तासांसाठी तात्काळ इशारा देतो. सकाळच्या पिवळ्या रंगापेक्षा दुपारचा हा इशारा ताडपत्रीसाठी जास्त कामाचा असतो.

३. गार वाऱ्याचा झोत ओळखा. गडगडाट सुरू असताना अचानक गार वारा सुटला, तर तो ढगातून खाली कोसळणाऱ्या हवेचा असतो. पाऊस अगदी जवळ आलेला असतो.

४. आधी जीव, मग हळद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. झाडाखाली किंवा पत्र्याच्या कच्च्या शेडखाली थांबू नका. अकोला जिल्ह्यात पारस इथे ९ एप्रिल २०२३ च्या रविवारी वादळात मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर कडुनिंब कोसळला आणि सात जणांचा जीव गेला.

५. नुकसान झालं तर आधी फोटो, मग आवराआवर. तारीख आणि ठिकाण दिसेल असा फोटो काढा आणि तलाठी व कृषी सहायकांना लेखी कळवा.

६. फॉरवर्ड करण्याआधी तारीख बघा. गारपिटीचे जुने व्हिडिओ आणि तारीख नसलेले अंदाजाचे फोटो दर मार्चमध्ये नव्याने फिरतात. शहरातल्या माणसाला तो नुसता मेसेज वाटतो. शेतात मात्र त्यावरून मजूर बोलावले जातात.

मग उत्तर काय?

ढग कुणी थांबवू शकत नाही आणि गावागावाचा अचूक अंदाजही उद्या लगेच मिळणार नाही. पण माणसांच्या हातात असलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. हळद विम्याच्या यादीत घेणं, काढणीनंतरच्या मालाचं संरक्षण परत आणणं, पंचनाम्यात प्रत घसरल्याचं नुकसान मोजण्याची पद्धत ठरवणं, आणि गावपातळीवर वाळवणीसाठी सामायिक शेड व ड्रायर उभारणं. यातल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागायला नको.

जीआय मानांकनाने वसमतच्या हळदीला देशभर नाव मिळवून दिलं. त्या नावामागचा रंग मात्र अजूनही उघड्या आभाळाखालीच वाळतो. पुढच्या वेळी अंदाजात 'तुरळक ठिकाणी' वाचलंत, तर त्या २५ टक्क्यांत कुणाचा माल पसरलेला असेल, याचाही विचार करून बघा.