संगणक कट्टा : कोथिंबीर नाही म्हणून जेवणच नाही?

जूनमध्ये आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. नाशिक-पालघरचे नातेवाईक सिल्वासाला आले, फोटो भरपूर निघाले. गणपतीत आईने ते मागितले, तर बॅकअपच्या डिस्कवर मे महिन्यानंतरचं काहीच नाही! संगणकात मूळ फोटो शाबूत होते म्हणून वाचलो.

मे महिन्यातच मी घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स नव्याने टाकलं होतं. रोज रात्री २ वाजता क्रॉन माझी स्क्रिप्ट चालवतो. ती आधी इमेजमॅजिकने फोटो लहान करते, मग डिस्कवर कॉपी करते. इमेजमॅजिक पुन्हा टाकायचं मी विसरलो. वर ‘सेट -ई’ लिहिलेलं, म्हणजे एक आज्ञा चुकली की तिथेच थांबायचं. कॉपीपर्यंत गाडी पोचलीच नाही. क्रॉन असा संदेश मेलने पाठवतो, पण मेलचं सॉफ्टवेअर नसेल तर तो टाकूनच देतो. तीन महिने मला पत्ताच नाही.

डेबियनच्या नियमावलीत यावर उपाय आहे. तिथे एखादं सॉफ्टवेअर काढलं तरी त्याच्या सेटिंगच्या फाइली मागे राहतात, त्यात क्रॉनचं कामही. म्हणून अशी स्क्रिप्ट आधी आपला प्रोग्रॅम जागेवर आहे का बघते. नसेल तर गुपचूप बाहेर पडते.

मी तेच उचलणार होतो. पण बॅकअपने गुपचूप बाहेर पडून कसं चालेल? फोटो लहान करणं ही कोथिंबीर, कॉपी म्हणजे वरणभात. म्हणून आता ‘कमांड -व्ही’ने इमेजमॅजिक आहे का विचारतो; नसेल तर फक्त तेवढी पायरी सोडतो. डिस्कचं मात्र उलट. ती जोडलेली नसेल तर फोटो त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे संगणकातच पडतात आणि सगळं ठीक वाटतं! म्हणून आधी ‘माउंटपॉइंट’ने तपासणी. डिस्क नसेल तर स्क्रिप्ट थांबते आणि डेस्कटॉपवर ‘बॅकअप झाला नाही’ नावाची फाइल ठेवते. आईलाही दिसते ती.

एक खाचखळगा : क्रॉन प्रोग्रॅम मोजक्याच फोल्डरांत शोधतो. हाताने चालवलेली स्क्रिप्ट रात्रीही चालेलच असं नाही. पाथ स्क्रिप्टमध्येच लिहा.

इमेजमॅजिक मी मुद्दाम अजून टाकलेलं नाही. आजोबांच्या औक्षणाचे फोटो त्या रात्री डिस्कवर गेले, अगदी मूळ आकारात.