मोरीला बोळा कोणी घातला?

घरातल्या बहुतेक वस्तूंची कोणी ना कोणी विचारपूस करीत असते. पंखा कुरकुरू लागला की दोन दिवसांत त्याला तेल मिळते, भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे मागे पडले तरी घरातले तिघे जण ते बोलून दाखवतात, कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही तर गृहिणीचे कान टवकारतात. मोरीच्या नशिबी हे भाग्य नाही. ती निमूटपणे पाणी गिळते तोवर ती आहे, हेही कोणाच्या ध्यानात नसते. मग एखाद्या दिवशी, आणि तो दिवस बहुधा सणाचा किंवा घरी पाहुणे असल्याचा असतो, आतून हाक येते, 'अहो, मोरी तुंबली!'

या हाकेतले क्रियापद जरा फसवे आहे. जणू काल रात्री ती ठणठणीत होती आणि आज सकाळी तुंबली! खरे पाहता मोरी एका दिवसात तुंबत नाही. ती कित्येक महिने तुंबत आलेली असते, आणि तसे तिने आपल्याला कळवलेलेही असते.

माझे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे मला या बाबतीत कर्जखात्याची आठवण होते. कर्ज एका दिवसात बुडत नाही. हप्ता आधी चार दिवस उशिरा येतो, मग पंधरा दिवस, मग महिना. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक मानायचे, ही फूटपट्टी आपल्या बँकांना २००४ सालच्या मार्चअखेरीपासून लागू झाली. पण तोवर फार उशीर झालेला असतो, हे उमगल्यावर २०१४ साली रिझर्व्ह बँकेने ३० आणि ६० दिवसांच्या थकबाकीचीही वेगळी नोंद ठेवायला लावली. आजार लवकर ओळखा, म्हणजे औषध साधे पुरते, इतकाच त्याचा अर्थ. मोरीच्या आजारालाही असेच टप्पे असतात.

पहिला टप्पा पाणी रेंगाळण्याचा. भांडी घासून झाली की सिंकमधले पाणी चटकन न जाता क्षणभर थांबते, आणि गेल्यावर कडेला तेलकट रेघ सोडून जाते. दुसरा टप्पा आवाजाचा. पाणी उतरताना गुडगुड ऐकू येते. याचा अर्थ नळीत पाण्याला पुरेशी वाट नाही आणि अडकलेली हवा वर येते आहे. तिसरा टप्पा वासाचा. चौथा टप्पा मात्र चमत्कारिक. पाणी सोडावे एकीकडे आणि ते वर यावे दुसरीकडे! धुलाई यंत्राने पाणी टाकले की न्हाणीघराच्या जाळीतून फेस वर येतो. या टप्प्यावर घरचा उपचार बहुधा संपतो.

वासाबद्दल मात्र थोडे सांगायला हवे, कारण त्यात गल्लत होते. प्रत्येक मोरीच्या खाली वाकडी नळी किंवा वाटीसारखा भाग असतो. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहते आणि हे पाणीच गटारातली हवा व झुरळे घरात येऊ देत नाही. इंग्रजी एस अक्षरासारख्या या वळणाचे पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने घेतले. आपल्याकडच्या न्हाणीतल्या जाळीखाली जो असतो त्याला तर आपल्या स्थापत्यशास्त्राची इंग्रजी पुस्तकेही 'नहाणी ट्रॅप' असेच म्हणतात. महिनाभर गावाला जाऊन आल्यावर बंद घरात जो घाण वास येतो, तो मोरी तुंबल्याचा नसतो. वळणातले पाणी आटल्याचा असतो. तांब्याभर पाणी ओतले की काम झाले. जाण्यापूर्वी त्या पाण्यावर चमचाभर गोडे तेल सोडले तर ते लवकर आटत नाही. वास येतो पण पाणी झरझर जाते, तर वळण कोरडे आहे. वास येतो आणि पाणीही रेंगाळते, तर आत काहीतरी कुजते आहे. एवढा फरक कळला तरी प्लंबरची एक फेरी वाचते.

आता हा आजार जडतो कशाने? आपल्याकडे एक जुनी म्हण आहे, 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा'. क्षुल्लक गोष्टीत काटकसर आणि मोठ्या गोष्टीत बेफिकिरी, असा तिचा अर्थ. आजच्या घरांत दरवाजाचा बंदोबस्त चोख आहे. कुलूप आहे, रखवालदार आहे, कॅमेरा आहे. मोरीला बोळा मात्र आपण रोज, थोडा थोडा करून, आपल्याच हाताने घालतो आहोत.

पुण्या-नाशकाकडे थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि आपण ती उन्हात ठेवतो. साधारण २४ अंशांखाली हे तेल घट्ट होऊ लागते. तूप आणि वनस्पती तूप तर त्याहून लवकर थिजते. कढईतले उरलेले तेल, पातेल्याला लागलेला तुपाचा राप आपण गरम पाण्याने धुतो, ते पातळ होऊन डोळ्यांआड जाते आणि आपल्याला वाटते, गेले! पण चार हातांवर नळी थंड असते. तिथे ते भिंतीला धरते. त्यावर चहाचा चोथा, भाताची शिते, परातीला चिकटलेली कणीक आणि भांड्यांच्या वडीतली बारीक खनिज पूड बसत जाते. न्हाणीघरात हेच काम केस आणि साबण करतात. केसांची जाळी होते आणि कठीण पाण्यात साबणाचा जो पांढरा चिकटा तयार होतो तो तिला लिंपून टाकतो.

हा प्रकार केवळ आपल्याच घरांत घडतो असे नाही. लंडनमधल्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली रस्त्याखालच्या गटारात चरबीचा आणि ओल्या पुसण्यांचा एक अजस्र गोळा सापडला. लांबी २५० मीटर, वजन सुमारे १३० टन! त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षी तिथल्या संग्रहालयात काचेआड मांडला होता. हजारो घरांनी सिंकमध्ये ओतलेल्या चमचा-चमचा तेलाचे ते एकत्रित खाते होते.

उपाय सोपे आहेत. जाळी आठवड्यातून एकदा उचलून तिच्याखालचे केस काढावेत. त्याला एक जुना चिमटा आणि थोडे धारिष्ट पुरते. तेलकट भांडे घासायला टाकण्यापूर्वी जुन्या वर्तमानपत्राने पुसावे. (ही पुरवणी वाचून झाल्यावर त्या कामी आली तरी माझी हरकत नाही.) सिंकखालचा बाटलीसारखा भाग हाताने फिरवून उघडता येतो. खाली बादली ठेवावी, त्यातला गाळ काढावा, रबरी चकती जागेवर बसवून पुन्हा आवळावा. मॉड्युलर किचनमध्ये हा भाग कपाटात, कचऱ्याच्या डब्यामागे दडलेला असतो आणि कित्येक घरांत तो वर्षानुवर्षे कोणी पाहिलेलाही नसतो.

तरीही पाणी जात नसेल, तर लाकडी दांड्याचा रबरी पंप वापरावा. सिंकमध्ये पंप बुडेल इतके पाणी हवे. सिंकला वरच्या बाजूस दुसरे भोक असेल तर ते ओल्या फडक्याने घट्ट बंद करावे, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. मग पंधरा-वीस वेळा जोराने दाबून ओढावे. गरम पाणी ओतायचे तर हाताला चटका बसेल इतपतच. प्लॅस्टिकच्या नळ्या उकळत्या पाण्याने मऊ पडतात आणि सांधे सुटतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांची कीर्ती अलीकडे फार पसरली आहे. त्यांचा फेस पाहायला छान वाटतो, पण एक आम्ल, दुसरा अल्कली. दोघे एकमेकांना निकामी करतात आणि बोळा आपल्या जागी असतो.

खरा धोका पुढच्या पायरीवर आहे. पंपाने भागले नाही की आपण दुकानातून कॉस्टिक सोडा किंवा संडास धुण्याचे ॲसिड आणतो. कॉस्टिक पाण्यात पडताच तापते. डोळ्यांत उडाले तर दृष्टी जाऊ शकते. ॲल्युमिनियमच्या भांड्यात ते कालवले तर ज्वालाग्राही वायू सुटतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर कोंदट न्हाणीघरात क्लोरीन भरतो. आणि हे सारे ओतूनही मोरी मोकळी झाली नाही, तर ते जहाल पाणी तिथेच साचून राहते. मग आपण प्लंबरला बोलावतो. तो पोरगा येतो, सिंकखाली पाठीवर आडवा होतो आणि नळी उघडतो. ते पाणी त्याच्या तोंडावर येते. आत काय ओतले आहे हे त्याला किती घरांत सांगितले जाते?

इथवरची गोष्ट घरातली. पण मोरी घराच्या उंबऱ्याशी संपत नाही. इमारतीतल्या सगळ्या मोऱ्या एकाच उभ्या नळीत उतरतात आणि तळाशी चेंबरमध्ये मिळतात. वरच्या चार मजल्यांचे तेल तळमजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीघरात उगवते, आणि चौथ्या मजल्यावरची मंडळी म्हणतात, 'आमच्याकडे तर छान जाते हो पाणी!' मग सोसायटीची बैठक होते, वर्गणीवर वाद होतो आणि शेवटी सेक्रेटरी कोणाला तरी फोन करतात. दोन माणसे येतात. एक लोखंडी झाकण उचलतो, दुसरा बांबूची कामटी घेऊन आत उतरतो.

तो आत उतरतो, हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. बंद चेंबरमध्ये आणि सेप्टिक टाकीत कुजण्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याला सडक्या अंड्याचा वास असतो, पण प्रमाण वाढले की तो आधी वास घेण्याची शक्तीच मारतो. वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. म्हणूनच अशा बातम्यांत एकाच टाकीत दोघे किंवा तिघे गेल्याचे आपण वाचतो.

कायदा याबाबत गप्प नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधने आणि खबरदारी यांवाचून गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्याला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही बंदी नगरपालिकेला आहे तशी आपल्या सोसायटीलाही आहे. गटारात मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर नेली. आयुष्यभर रकमा मोजलेला मी माणूस आहे, पण ही रक्कम वाचताना मनात एकच हिशेब येतो. आठवड्याला जाळीसाठी पाच मिनिटे आणि कढईसाठी कागदाचा एक तुकडा, एवढ्यावर हा खर्च टळू शकत होता.

आपल्याच महाराष्ट्रातली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडाससफाईचे काम मागितले. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचे, असा तुरुंगाचा शिरस्ता होता. म्हणून त्यांना नकार मिळाला, आणि त्यासाठी त्यांनी उपवास आरंभला. येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या बाजूने त्याच वर्षी डिसेंबरात उपवास केला. आपली घाण आपण काढण्याचा हक्क मिळावा म्हणून एक माणूस उपाशी राहिला! आपल्याला तो हक्क फुकट मिळालेला आहे. जाळीखालचे केस काढायचे म्हटले की मात्र आपण 'उद्या मावशी येतील, त्या काढतील' असे म्हणतो. आणि मावशींना त्यासाठी द्यायचे रबरी हातमोजे घरात नसतात.

कोणी म्हणेल, प्रत्येकाने प्लंबर व्हायचे का? तसे नव्हे. नळाचे काम नळवाल्यानेच करावे आणि त्याला त्याचा योग्य मोबदला मिळावा. मुद्दा एवढाच, की जे माझ्या घरातून जाते त्यातले शक्य तेवढे मी माझ्याच घरात अडवावे. सोसायटीने वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, जेटिंग आणि सक्शनची गाडी बोलवावी. चेंबरची झाकणे फरशीखाली किंवा पार्किंगच्या ब्लॉकखाली गाडून टाकू नयेत. आणि ठेकेदार 'मशीन कशाला साहेब, माणूस उतरवतो, स्वस्तात होईल' असे म्हणाला, तर सभासदांनी एका आवाजात नाही म्हणावे. मशीनची वर्गणी घरटी वाटली तर ती फार मोठी होत नाही.

आज रविवार आहे. दुपारची भांडी घासून होतील तेव्हा दोन मिनिटे सिंकपाशी उभे राहा. मुलांनाही बोलवा. सिंक अर्धे भरू द्या, मग सोडा आणि पाणी कसे जाते ते पाहा, ऐका. झरकन गेले तर उत्तमच. रेंगाळले, गुडगुडले, तर खालचे कपाट उघडा आणि बादली घ्या.