खर्जातला टेनर

मुळशीकरांना सॅक्सोफोन ठाऊक आहे तो वरातीच्या बँडमधला. आता अमेरिकी जॅझवादक सनी रोलिन्स यांचा टेनर सॅक्सोफोन ऐका: जाडाभरडा, खर्जात पाय रोवून उभा असलेला आवाज. 1956च्या ‘सेंट थॉमस’ या रचनेत ते सुरुवातीला दोनच स्वर घेतात, मागेपुढे सरकवतात, तोडतात, चक्क थट्टा करतात. ख्यालातली बढतच म्हणा ना! शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हा माणूस 1959 ते 1961 न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर तासन्‌तास रियाज करत होता. पुढं पवईच्या आश्रमात राहिला, 1978च्या जॅझ यात्रेत मुंबईत वाजवूनही गेला. वेगाचे वादक पुष्कळ. इतका मिश्कील दुसरा नाही. सवाईला न चुकता जाणाऱ्यांनी तरी हे ऐकावं आणि आम्हाला चार ओळी जरूर कळवाव्यात.